बागेसाठी राखीव

आमचं घर बांधायला काढलं तेव्हा मी आठवीत होते. बाबा जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथं क्वार्टर मिळत होतं. नळ, वीज, शाळा, दवाखाना, सगळं आवारातच. बाबांच्या बरोबरीच्या लोकांनी क्वार्टरं घेतली, बाबांनी घेतलं नाही. आईनं विचारलं की म्हणायचे, "नोकरी सरली का चाबी वापस द्या लागते."

त्यांचे वडील आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी दुसऱ्याच्या जागेवर झोपडी घालून राहायचे. मालकाला वाटलं की झोपडी उचलायची, दुसरीकडं घालायची. बाबांच्या लहानपणी असं बरेचदा झालं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत, पण जमीन आपल्या नावावर असली पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून त्यांनी गावाच्या टोकाला एक लहानसा प्लॉट घेतला आणि रोज सायकल दामटत कारखान्याची बस पकडायला सडकेवर जाऊ लागले.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं आमच्यासारखीच होती. छप्पन सालानंतर बौद्ध झालेली, गावोगावहून आलेली. कुणी मास्तर, कुणी रेल्वेत, कुणी गवंडी, कुणी मजूर. गल्ली संपली की बैलगाडीची वाट आणि वाटेपलीकडं धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. बांधीच्या कोपऱ्यावर एक दगडी विहीर होती आणि तिला लागूनच मालकाचं लहानसं घर.

बांधकाम उन्हाळ्यात सुरू झालं आणि पाण्याची पंचाईत झाली. नगरपालिकेचा नळ तेव्हा गल्लीत आला नव्हता. आई डोक्यावर हंडा घेऊन लांबून पाणी आणायची आणि गवंडी खोळंबून बसायचा. बांधीचा मालक दोनतीन दिवस हे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभा राहून पाहत होता. मग एक दिवस वाट ओलांडून आला आणि बाबांना म्हणाला, "बाबू, एवढ्या जवळ विहीर असून बाईले काहून हिंडवून राहिला?"

बाबा म्हणाले, "विहीर तुमची आहे, दादा. तुमच्या घरचे..."

"विहीर माही हाय ना? मंग मीच सांगतो का भर म्हनून."

त्या काळात, त्या गावात, हे बोलणं सोपं नव्हतं. त्याच्या भाऊबंदांनी त्याला बोल लावले, हे आम्हाला मागाहून कळलं. त्याची बायको पहिल्या दिवशी विहिरीवर येऊन नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं आईचा दोर गुंतला तो सोडवून दिला. आमच्या घराच्या भिंती त्या पाण्यावर उभ्या राहिल्या. मी आणि माझा भाऊ त्यांना मोठेबाबा आणि मोठीआई म्हणू लागलो, ते कुणी शिकवलं म्हणून नाही, तोंडात आलं म्हणून.

पुढं काही वर्षांनी नगरपालिकेनं गावाचा विकास आराखडा काढला. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावला होता. राहायच्या जागेला पिवळा रंग, बाजाराला निळा, बागेला हिरवा. बाबा कारखान्यातून परस्पर नकाशा पाहायला गेले आणि घरी आले ते चपला न काढताच खाटेवर बसले. आमची गल्ली हिरवी होती.

म्हणजे आमच्या गल्लीच्या जागी बाग होणार होती. लगेच कुणी घर पाडणार नव्हतं. पण नवी खोली बांधायला परवानगी नाही, जुनी भिंत पडली तर उभारायला परवानगी नाही, प्लॉट विकायचा तर घेणारा नाही. आणि नगरपालिकेकडं पैसा आला की एक दिवस नोटीस. आईनं चहा ठेवला होता, तो उकळून उकळून आटला.

आराखड्यावर लोकांनी हरकती आणि सूचना द्यायच्या होत्या. गल्लीतले लोक बुद्धविहारात जमले, मास्तरांनी अर्ज लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. आईनंही केली. तिला सही येत होती, पण इतक्या लोकांसमोर ती सगळ्यांत शेवटी उठली. आमची गल्ली राहण्यासाठी ठेवावी आणि बाग दुसरीकडं न्यावी, एवढंच मागणं होतं. मोठेबाबांचं त्यात काही नव्हतं. त्यांची बांधी पिवळ्या रंगात होती, म्हणजे पुढं तिथं घरं होऊ शकली असती. तरी सुनावणीच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते आमच्यासोबत आले. म्हणाले, "मी सांगतो साहेबाले, हे लोक कवापासून राहून राहिले ते."

नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. बायकाही आल्या होत्या. मी आईजवळ बसले होते. नगररचना खात्याचा अधिकारी तरुण होता आणि वाईट माणूस नव्हता. त्यानं बाबांचं सगळं ऐकून घेतलं, मोठेबाबांचंही ऐकलं. मग म्हणाला, "तुमचं म्हणणं रास्त आहे. पण गावाच्या या भागात बाग दाखवावीच लागते. इथली काढायची तर कुठं टाकायची? जागा तुम्हीच सुचवा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. जागा सुचवायची म्हणजे कुणाचं तरी घर, कुणाचं तरी शेत दाखवायचं. बाबा उभे होते, त्यांनीही खाली पाहिलं. मागं कुणीतरी हळूच म्हटलं, "समोरची बांधी हाय ना." ते कोण बोललं ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाबांनी वळून पाहिलं, त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता.

पण मोठेबाबा उठले होते. "टाका साहेब माह्या बांधीत."

"दादा, बसा तुम्ही," बाबा म्हणाले.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "नीट समजून घ्या. जमीन राखीव झाली की तिथं घर बांधता येणार नाही. प्लॉट पाडता येणार नाहीत. नगरपालिका ताब्यात घेईल तेव्हा मोबदला मिळेल, पण तो कधी, ते मी सांगू शकत नाही."

"मले कुठं घर बांधाचं हाय? मी धान लावतो जी. बाग काय अन् धान काय, हिरवंच." लोक हसले, मोठेबाबाही हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "या लोकायचे तं घरं हायेत, साहेब. लेकरं हायेत."

अंतिम आराखडा आला तेव्हा आमची गल्ली पिवळी झाली होती आणि बांधी हिरवी. गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले. बाबा पहिला पेढा घेऊन मोठेबाबांकडं गेले आणि त्यांच्या पाया पडायला वाकले, तर मोठेबाबांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "असं कराचं नाही गा," म्हणाले. मोठीआईनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

त्यानंतर आमच्या गल्लीत पक्की घरं होऊ लागली. स्लॅब पडले, कुणी माडी चढवली. आम्हीही मागं एक खोली काढली. मोठेबाबा दरवर्षी धानाची रोवणी करत होते. बाग काही आली नाही, आणि मोबदलाही आला नाही.

ऐंशी सालानंतर आमच्या बाजूला घरांच्या प्लॉटचे लेआउट पडू लागले. बांधीच्या दोन्ही अंगाच्या शेतांत चुन्याच्या रेघा दिसू लागल्या, खांब रोवले गेले. मोठेबाबांचे दोन मुलगे हाताशी आले होते. थोरल्याचं लग्न झालं होतं, त्याला दुकान टाकायचं होतं, वेगळं घर हवं होतं. राहतं घर लहान आणि बांधी राखीव. तो नगरपालिकेत खेटे घालून आला, त्याला सगळीकडं एकच उत्तर मिळालं. मग घरात रोज खटके उडू लागले. वाटेपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. एकदा तो अंगणात उभा राहून म्हणाला, "तुमी त्यायचे घरं वाचवले, बाबा. आमचं कोन वाचवनार?" बाबा आमच्या ओसरीवर बसले होते. ते उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं.

थोरला बपेऱ्याकडं सासुरवाडीला जाऊन राहिला. आपला पोरगा घरजावई झाला, हे मोठेबाबांना फार लागलं. धाकटा नागपूरला कामाला गेला आणि सणालाही येईना. मोठेबाबांना एकट्यानं शेत झेपेना, बांधी पडीक राहिली. नगरपालिकेनं तिच्या कडेला "नियोजित उद्यान" असा पत्र्याचा बोर्ड लावला. त्या बोर्डाच्या आधारानंच लोकांनी तिथं कचरा टाकायला सुरुवात केली. टाकणाऱ्यांत आमच्या गल्लीतलेही होते. मोठेबाबा सकाळी धुऱ्यावर उभे राहत आणि बघत. हटकत कुणालाच नसत.

बाबांनी मग ठरवलं की आरक्षण उठवायचं. एका नगरसेवकानं त्यांना सांगितलं, "तळ्याच्या बाजूला सरकारी जागा मोकळी आहे. बाग तिकडं न्या म्हणून रहिवाशांचा अर्ज आणा. ज्यांच्यासाठी बाग आहे तेच म्हणतात म्हटल्यावर विचार होईल." बाबांना वाटलं, सह्या मागायला वेळ तो काय लागणार! मी तेव्हा तुमसरकडं एका शाळेत शिकवत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. अर्ज मी लिहिला. पहिली सही आईनं केली.

बाबा घरोघर गेले. कुणी म्हणालं, मुलगा आल्यावर विचारून सांगतो. कुणी म्हणालं, अर्ज ठेवून जा, वाचतो. आमच्या शेजारचे काका, जे गवंडी होते आणि आमचं घर त्यांनीच बांधलं होतं, ते बाबांना पाणी देऊन म्हणाले, "बाबू, सही करनं काही मोठं नाही. पन तळ्याजवळ नाही जमलं, अन् फिरून आपल्यावर आलं तं? आता माडी चढवली म्या."

"पण सरकारी जागा आहे तिथं."

"हाय जी. पन भेव लागते."

शेवटी बाबांनी विहारात सगळ्यांना बोलावलं. ते भाषण करणारे नव्हते. उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी साहेबांनी जागा सुचवा म्हटलं तेव्हा आपण सगळे खाली पाहत होतो. तो एक माणूस उठला. आज त्याच्या घरात चूल एका वेळेला पेटते, दोन्ही मुलं लांब गेली. मला एवढंच सांगायचं आहे." ते खाली बसले. मास्तर पुढं आले आणि त्यांनी सही केली. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्यानं केली. बाकीचे चपला शोधू लागले. कुणी वाईट बोललं नाही, कुणी वाद घातला नाही. विहार हळूहळू रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी बाबा मोठेबाबांकडं गेले, मी सोबत होते. ते खाटेवर पडून होते, पायांवर सूज होती. बाबा त्यांच्या पायांशी बसले. "दादा, लोकांनी सह्या नाही केल्या," म्हणाले आणि रडू लागले. बाबांना रडताना मी तेव्हाच पाहिलं, आधीही नाही आणि पुढंही नाही.

मोठेबाबांनी विचारलं, "कायले गेलता तू सह्या मांगाले? मले सांगून तं जाचं." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "याले समजाव वो पोरी. त्या लोकायची भेव खरी हाय. एकदा हालवलेला मानूस हाय थो, त्याले पुन्हा हालाची भेव लागतेच."

"अन् तुमी?" स्वयंपाकघराच्या दारातून मोठीआई म्हणाली. मोठेबाबांनी भिंतीकडं कूस वळवली.

होत्या तेवढ्या सह्यांवर बाबांनी अर्ज दिला. पुढच्या आराखड्याच्या वेळी विचार होईल, असं उत्तर आलं. थंडीत मोठेबाबा गेले.

तिरडी बांधली तेव्हा अंगणात बरीच माणसं होती. आमची जवळजवळ सगळी गल्ली आली होती. बपेऱ्याहून थोरला आला होता. तिरडी उचलताना बाबा पुढं झाले, तर तो म्हणाला, "बाबू, तुमी नका लावू खांदा." फार मोठ्यानं नाही, पण आम्ही बायका ओसरीवर होतो, आम्हाला ऐकू आलं. बाबा मागं सरले. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली आणि तशीच धरून सगळ्यांच्या मागून घाटावर चालत गेले. त्या बोलण्यात जात होती की जमीन होती, हे मला आजही सांगता येत नाही. बाबांना मी विचारलं नाही, आणि त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी मोठीआई आमच्याकडं आली. थोरला तिला आपल्यासोबत नेणार होता. आईनं तिला खाटेवर बसवलं, ती खालीच बसली. बाबांना म्हणाली, "पोरगा चुकला माहा."

"नाही," बाबा म्हणाले, "त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं."

"नसतं म्हटलं तुमी." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी चकरा मारल्या, ते मले दिसलं. तुमच्यावर राग नाही. पन त्यायचं मन मोठं होतं, माहं नाही. या गल्लीतल्या लोकायले म्या माफ नाही केलं. हे सांगाले आली मी, मागून सांगनारं कोनी राहनार नाही म्हनून."

आई तिच्याजवळ सरकून बसली. संध्याकाळच्या गाडीनं मोठीआई बपेऱ्याला गेली.

बाबा निवृत्त होईपर्यंत त्याच घरात राहिले, आणि पुढंही. गल्लीतल्या कुणाशी त्यांनी बोलणं सोडलं नाही. लग्नाकार्याला जात, आजारी माणसाला दवाखान्यात नेत. फक्त एक फरक पडला. नळाचा असो, गटाराचा असो, दिव्याचा असो, कुणीही अर्ज घेऊन आलं की बाबा तो न वाचताच सही करून देत. आई म्हणायची, "वाचून तं पाहा एकदा." बाबा खिशातून चष्माही काढत नसत, पेन तेवढं मागत.