सायीच्या रंगाची चाकं

माझ्या आत्याच्या यजमानांइतका मोटारीवर जीव असलेला आणि तरीही मोटारीकडे ढुंकून न बघणारा माणूस घाटाच्या वर किंवा खाली कुठेही सापडायचा नाही. सगळ्यांसारखं मीही त्यांना मामाच म्हणतो. त्यांचा जीव आहे तो फक्त चाकांवर. चाकांच्या वर जे काही पत्र्याचं, काचेचं आणि गादीचं बांधकाम असतं, ते मामांच्या मते चाकं भिजू नयेत म्हणून घातलेलं छप्पर. एखाद्या गाडीचा विषय निघाला आणि कुणी तिचा रंग काळा सांगितला की मामा विचारतात, "वरचं सोड. चाकांचा कोंचा?" सांगणाऱ्याला आठवत नाही. मग मामा त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याला स्वतःच्या बायकोचं नाव आठवेना.

माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा घरातले सगळे मुलाकडे बघत होते. मामा तेवढ्यात बाहेर जाऊन पाहुण्यांची जीप बघून आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगं बरं हाय, पन चाकांत गेल्या म्हैन्याचा चिखल वाळलाय. आळशी असंल." जीप शेजाऱ्याची निघाली म्हणून लग्न जमलं. शनिवार-रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग अडकते, तेव्हा मामा छत्री घेऊन रांगेच्या कडेने चालत जातात आणि काचेवर टकटक करून सांगतात, "सायेब, तुमचं मागलं डावं चाक येगळ्या रंगाचं हाय." साहेबाला वाटतं, दरड कोसळली असावी. तो घाबरून काच खाली करतो आणि मग वैतागतो.

आणि याच माणसाने माझं शिक्षण केलं. आमचं गाव लोहगडाच्या पायथ्याशी. बारावीनंतर पुढे शिकायचं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामा मला लोणावळ्याला घेऊन आले, कॉलेजच्या दारात उभं केलं आणि स्वतः स्कूटरींच्या रांगेकडे गेले. परत येऊन म्हणाले, "प्रिन्सिपलच्या स्कूटरची चाकं लख्ख हायती. हितं शिक." मी शिकलो. तीन वर्षं त्यांच्या वलवणच्या दोन खोल्यांत राहिलो, आत्याच्या हातचं खाल्लं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आज तळेगावच्या शाळेत शिकवतो. प्रवेश घेताना कुणी स्कूटरची चाकं बघितली होती, हे विद्यार्थ्यांना सांगायचा धीर मात्र अजून झालेला नाही.

मामांकडे मोटार आली ती अशी. तुंगार्लीला मुंबईच्या एका डॉक्टरांचा बंगला होता आणि मामा तिथे माळी, रखवालदार आणि उरलेलं सगळं होते. डॉक्टरांची गोल दिव्यांची काळी मोटार घाट चढून यायची तेव्हा चाकं लाल चिखलाने लडबडलेली असायची. मामा बादली घेऊन उकिडवे बसायचे आणि चिखल उतरला की आतून सायीचा रंग वर यायचा. पुढे डॉक्टर गेले, बंगला विकला गेला आणि मोटार "थोडे दिवस" मामांच्या दारात उभी राहिली. त्याला चौदा वर्षं झाली. मामांना गाडी चालवता येत नाही. महिन्यातून एकदा ओळखीचा मेकॅनिक येऊन इंजिन सुरू करतो. मामा दरवर्षी चाकं रंगवतात.

दोन वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला. त्यांना सगळे अजून बेबीताईच म्हणतात, वय साठीचं आहे. मुंबईत जुन्या मोटारी जमवणारे एक गृहस्थ गाडी मागत होते, तेव्हा रविवारी येऊन बघते आणि ठरवते, असा निरोप होता. मामा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "ये. चाकं रंगवायचीत. डाक्टरांच्या टायमाला होती तश्शी दिसली, तर पोरीला गाडी इकवनार न्हाई."

मी शाळेतून रजा काढून गेलो. मामांनी गाडी विटांवर चढवून चारही चाकं काढली होती. जुना रंग पॉलिश पेपरने घासला होता आणि रंग लागू नये म्हणून टायरच्या कडेला साबण चोपडला होता. अडलं होतं ते रंगापाशी. आजवरचा कुठलाच रंग बरोबर नव्हता, असं आता ते कबूल करत होते. म्हणून ते स्टीलच्या वाटीत साय घेऊन रंगाच्या दुकानात निघाले. वर झाकण होतं. मी मागोमाग.

दुकानदाराने शेडकार्ड पुढे केलं. "मामा, यातला नंबर सांगा."

"सायीला नंबर असतो व्हय?"

"म्हशीला तर असतो. कानात बिल्ला मारतात."

"म्हशीचीच हाय. पन आजची न्हाई, कालची. आजची लय पांढरी पडती."

दुकानात आलेली तीन गिऱ्हाइकं वाटीभोवती जमली. एकाने बोट बुडवून बघितलं आणि म्हणाला, "दूध चांगलं आहे, कुठून घेता?" अर्ध्या तासाने, पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब थेंब टाकत रंग जमला. घरी आत्या वाट बघत होती. म्हणाली, "मास्तर आलाय तर त्याच्या चहाला साय न्हाई, आन चाकाला हाय!"

गुरुवारी रंग दिला. मामा ब्रश सरळ ओढत नाहीत, चाक फिरतं त्या दिशेनेच गोल फिरवतात. "उलटा वढला तर चाकाला कळतं," म्हणतात. रंग अप्रतिम आला, पण वाळेना. लोणावळ्यात आषाढात भिंतीला पाणी सुटतं, उशा ओलसर होतात, काडेपेटीतल्या काड्या पेटत नाहीत. शुक्रवारी दुपारी बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. मामांचा चेहरा पडला. तेव्हा आत्यालाच सुचलं. ती चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. म्हणाली, "आमच्या भट्टीच्या खोलीत पापड वाळतो, तुमची चाकं न्हाई वाळायची?"

मालक भला माणूस. त्याने रिक्षा टेम्पोसुद्धा दिला. शुक्रवारी संध्याकाळी काम थांबल्यावर आम्ही चारही चाकं भट्टीच्या खोलीत आढ्याला दोरीने टांगली. खोली उबदार होती. मामा खालून वर बघत एवढे खूश की गुळाच्या ढेपांच्या थप्पीला टेकून उभे राहिले आणि सदरा चिकटला.

शनिवारी सकाळी आम्ही पोचायच्या आत काम सुरू झालं होतं. भाजलेल्या दाण्यांची सालं उडवायला तिथे एक भलामोठा पंखा आहे. कामावरच्या बाईने तो रोजच्यासारखा लावला आणि कारखान्यातली निम्मी लाल सालं अजून चिकट असलेल्या चाकांवर जाऊन बसली. आम्ही पोचलो तेव्हा सायीवर केशर पेरल्यासारखी चार चाकं हळूहळू गरगरत होती.

मामा खाली बसले. आत्याने नखाने एक साल काढून बघितलं, तर रंगाला खळगा पडला. "ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. एवढंच. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी आम्ही चाकं तशीच गाडीला परत चढवली. रविवारी बेबीताई आल्या. गाडीभोवती फिरल्या, चाकापाशी वाकल्या, चष्मा वर करून बघितलं. "मामा, हे काय आहे?"

मामांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सायीपासून पंख्यापर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "डाक्टरांच्या टायमाचा रंग आनायचा व्हता ताई. तुमाला आठवावा म्हणून. चुकलं."

बेबीताई हसत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "मला आठवत नाही, मामा. मी चाकं कधी बघितलीच नाहीत. मी कायम आत बसलेली असायची."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी आत बसलात?"

"म्या? न्हाई. पाय मळके असत्यात."

बेबीताईंनी मागचं दार उघडून धरलं. मामा आत्याकडे बघू लागले. आत्या म्हणाली, "बसा की! नवरदेवागत काय लाजताय?" मामा चपला काढून बसले. बेबीताईंनी स्वतः गाडी चालवली, वलवण धरणापर्यंत नेऊन आणली. मामा सगळा वेळ डोकं खिडकीबाहेर काढून चाक कसं फिरतं ते बघत होते. परत आल्यावर बेबीताई म्हणाल्या, "गाडी तुमच्याकडेच राहू दे. त्या मोटारवाल्या गृहस्थांना मी नकार कळवते." चावी मामांच्या ओंजळीत ठेवून त्या टॅक्सीने गेल्या.

यंदा मामांना गुडघ्यामुळे उकिडवं बसता येत नाही. चाकं मी रंगवतो. ते गाडीत मागच्या सीटवर बसतात, चपला बाहेर, पाय वर घेऊन. तिथून चाक दिसत नाही. पण ब्रशचा आवाज ऐकून ते सांगतात, "उलटा वढलास." आणि बहुधा खरंच ओढलेला असतो.

परवा चौथं चाक संपवत आलो होतो. आतून आवाज आला, "मास्तर, कसा आलाय रं रंग?"

मी ब्रश थांबवला आणि नीट बघून, जमेल तसं, त्यांना सांगत राहिलो.