पायाचे मार्क

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. पाणी सव्वासहाला आले, पावणेसातला गेले. रसिकाला उशीर होत होता म्हणून तिचा डबा मी भरला, मेथी आणि तीन पोळ्या. वाण्याकडून आलेली तूरडाळ जुनी निघाली, परत पाठवली. दुपारी तासभर झोप लागली. मिनलला मार्क कळवले. पाय – दहापैकी सहा.

सहाचा आकडा लिहून अनसूयाबाईंनी पेनाला टोपण लावलं. पाच महिन्यांत डाव्या पायाला त्यांनी इतके मार्क कधी दिले नव्हते. गेल्या मंगळवारी दोन होते. पण शनिवारपासून कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जाणारी ती कळ कुठे गेली कोण जाणे. खुर्चीतून उठताना आता पाय कुरकुरत नव्हता. थोडा जड वाटायचा, इतकंच.

दहाच मिनिटांत मिनलचा फोन आला. मिनल म्हणजे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, तिचं छोटंसं क्लिनिक स्टेशनच्या बाजूला होतं.

"काकू, सहा? दोनावरून एकदम सहा? पडलात की काय?"

"पडत्येय कशाला? सुधारलाय."

"कोण सुधारलाय?"

"कोण म्हणजे? पाय!"



"काकू, सहा म्हणजे जास्त दुखतंय ना?"

"जास्त दुखलं असतं तर सहा कशाला दिले असते, बाई? एकावर भागवलं असतं."

"उद्या सकाळी पहिल्या या," मिनल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "एकट्या नका येऊ."

घोळ झाला होता तो जुलैमध्ये. एमआरआय काढला तेव्हा कमरेच्या दोन चकत्या सरकून नसेवर दाबल्या गेल्याचं दिसलं. मणक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लगेच कापाकापी नको, औषधं आणि व्यायाम करून बघू. दुखणं हटलं नाही तर ऑपरेशन. मग मिनलने दोन आठवडे क्लिनिकमध्ये व्यायाम शिकवले आणि पुढचे घरी करायला सांगितले. "दर मंगळवारी मला फक्त मार्क पाठवा, काकू. दहापैकी किती?"

मिनलला विचारायचं होतं दुखण्याबद्दल. अनसूयाबाईंनी मार्क दिले पायाला.

त्यांचं शिक्षण गिरगावातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे दर शुक्रवारी सिस्टर वर्तणुकीचे मार्क देत. नखं, रुमाल, बुटांचं पॉलिश, रांगेत बोलणं. दहापैकी. सिस्टरांचा हात आखडता होता. सात मिळाले तर मुली घरी जाऊन सांगत. रोजची वही लिहायची सवयही तिथलीच. जे घडलं ते लिहायचं. वाटलं ते लिहायचं नाही. सत्तावन्न वर्षांच्या वह्या इंद्रलोक सोसायटीतल्या या फ्लॅटच्या माळ्यावर होत्या. त्यांत भिंतीला रंग दिल्याच्या तारखा होत्या, लेकाचे, परागचे दात पडल्याच्या होत्या, मिस्टर गेल्याची वेळ होती, दुपारी तीन वीस. कुठेही 'दुखतंय' असा शब्द नव्हता.

तेव्हा जुलैत पायाला पाच मिळाले. ऑगस्टमध्ये चार, गणपतीत तीन, ऑक्टोबरभर दोन. दर वेळी मिनलचं उत्तर यायचं, 'सुपर काकू! कीप इट अप!' आणि शेजारी टाळ्यांचं चित्र. अनसूयाबाईंना ते थोडं खटकायचं. पण ढ मुलींनाही सिस्टर कधीकधी पाठीवर थाप द्यायच्या, तसंच असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. दसऱ्याच्या सुमाराला मिनलने सगळे आकडे डॉक्टरांना पाठवले. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय बंद केला.

बुधवारी सून रसिका रजा टाकून बरोबर आली. रिक्षात बसताना तिने सासूबाईंचा हात धरला. तेव्हा डाव्या पायातली चप्पल रस्त्यावरच राहिली होती आणि ते रसिकाच्या लक्षात आलं, अनसूयाबाईंच्या नाही.

मिनलने त्यांना भिंतीला धरून टाचांवर उभं राहायला सांगितलं. उजव्या पायाची बोटं वर आली. डावा पंजा लादीला चिकटल्यासारखा तसाच.

"उचला, काकू."

"उचलत्येय की."

मग मिनलने त्यांना झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की सांगा हं."

अनसूयाबाई वाट बघत राहिल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची टूंटूं ऐकू येत होती.

"अगं, टोचणार कधी?"

"टोचून झालं, काकू," मिनल म्हणाली. "चार वेळा."

रसिकाला आधी हसू फुटलं. मार्कांचा घोळ तिला रिक्षातच कळला होता. "पायाला वर्तणुकीचे मार्क! आई, तुम्ही पण ना..." असं म्हणताम्हणता तिचा ओठ वाकडा झाला आणि ती पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. मिनल टेबलाशी उभी राहून दर मंगळवारच्या मार्कांचा कागद पुन्हा वाचत होती, पाच, चार, तीन, दोन. "मी एकदा बोलावून बघायला हवं होतं," ती म्हणाली. 

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. सकाळी तातडीने काढलेला नवा एमआरआय त्यांनी पडद्यावर लावला.

"आजी, तुमचं दुखणं गेलं, ते पाय बरा झाला म्हणून नाही. नस दाबून दाबून मेल्यात जमा झालीय. मेलेली नस दुखत नाही."

"म्हणजे ऑक्टोबरात ऑपरेशन केलं असतं तर?"

"तेव्हा पंजा बऱ्यापैकी वाचला असता." डॉक्टर घुटमळले. "असं मला वाटतं."

"आणि आता केलं तर?"

"आता सांगता येत नाही. वय चौऱ्याहत्तर, साखर आहे, तीही धरायला लागेल."

"सांगता येत नाही हे मार्क नव्हेत," अनसूयाबाई म्हणाल्या. "पंजा उचलेल याला दहापैकी किती?"

डॉक्टरांनी रसिकाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मिनलच्या पद्धतीने की तुमच्या?"

"माझ्या."

"तीन."

तीन म्हणजे नापास. अनसूयाबाईंनी मान हलवली, जणू निकालपत्रकावर तेच अपेक्षित होतं. "मग दुखत नाही, पंजाही येणार नाही. तर कापायचं कशासाठी?"

"खालची चकती मधोमध सरकलीय. आणखी सरकली तर दोन्ही पाय जातील आणि लघवीवरचा ताबाही जाईल. ती पाळी येईल की नाही, कधी येईल, मला माहीत नाही. आल्यावर मात्र तासांत करावं लागतं आणि तेव्हाही सगळं परत येतंच असं नाही." त्यांनी पडदा बंद केला. "ऑपरेशनचाही धोका आहे. भूल, जंतू, रक्ताची गुठळी. शुक्रवारची जागा ठेवतो. उद्या सकाळी दहापर्यंत हो किंवा नाही सांगा."

घरी परागचा चेहरा उतरला होता. तो कामावरून येताना कुणाकुणाला फोन करून आला होता.

"आई, आपल्याच विंगमधल्या यतीनकाकांचं मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते खिडकीपाशी बसलेत. तीन-चार महिने थांबू या. दुसरा डॉक्टर बघू. आणि त्या मिनलला मी सोडणार नाही."

"तिने विचारलं ते मी नीट ऐकलं नाही, मी दिलं ते तिने नीट बघितलं नाही. तिला सोड."

"तीन मार्क म्हणे! तीन मार्कांसाठी एवढी चिरफाड?"

"तीन पंजाला आहेत, पराग. बाकीच्या अंगाचे अजून दिलेले नाहीत."

"मस्करी नको गं, आई."

"मी कधी मस्करी केलीय?"

त्या उठून बाथरूममध्ये गेल्या. परत यायला वेळ लागला, तशी रसिका दाराशी जाऊन उभी राहिली. आत अनसूयाबाई कडीला धरून उभ्या होत्या आणि डाव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. हल म्हणून सांगत होत्या. अंगठा कुणा परक्याचा असावा तसा लादीवर पडून होता.

याच बाथरूममध्ये त्यांचे मिस्टर हरिश्चंद्र एकदा बसल्याजागी कोसळले होते. त्यानंतर चौदा महिने ते मधल्या खोलीतल्या पलंगावर होते. भांडं लावणं, पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर. नवऱ्याने त्या काळात त्यांच्याकडे सरळ बघणं सोडून दिलं होतं. भांडं लावताना ते तोंड भिंतीकडे वळवायचे. त्याबद्दल वहीत एकही ओळ नव्हती. फक्त 'चादरी तीन' अशी नोंद होती, रोज.

ऑपरेशन बिघडलं तरी तोच पलंग. केलं नाही तरी, एखाद्या सकाळी, तोच पलंग. दोन्ही वाटा एकाच खोलीत जात होत्या. फरक एवढाच की एका वाटेवर निदान तारीख होती.

त्या बाहेर आल्या. पराग सोफ्यावर डोकं धरून बसला होता.

"तुझ्या बाबांचं मी केलं," त्या म्हणाल्या, "मी त्यांची बायको होते म्हणून ते जमलं. त्यांना ते सोसवत नव्हतं. तुम्ही दोघांनी माझं केलेलं मला सोसवणार नाही."

"आई, तसं होणारच असं कुठाय..."

"नाहीये. म्हणूनच आत्ता सांगत्येय, माझं डोकं ठिकाणावर असताना. रसिका, डॉक्टरांना फोन लाव. शुक्रवार चालेल म्हणावं."

"सकाळी लावू या ना, आई. रात्रभर विचार करा."

"रात्री विचार केला तर मी नाही म्हणेन."

रसिकाने फोन लावला.  थोड्या वेळाने पराग उठला आणि स्वयंपाकघरात गेला. शुक्रवारनंतर स्टुलावर चढायचं नाही, वाकायचं नाही, डाव्या पायावर भरवसा ठेवायचा नाही, हे डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. पंजा आला तरी, नाही आला तरी. डब्यांचे आवाज बराच वेळ येत राहिले. "हिंग कुठे ठेवू?" असं त्याने एकदा विचारलं, आणि अनसूयाबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी वही उघडली. तारीख घातली, पाण्याची वेळ लिहिली, मिनलकडे गेल्याचं आणि डॉक्टरांकडे गेल्याचं लिहिलं. पायापुढे मार्क लिहिले नाहीत. मग शेवटची ओळ लिहिली:

वरच्या फळीवरचे डबे परागने खालच्या फळीवर लावले. साबुदाणा संपला आहे.