आबा, एसएमपीएस आणि बारा हार्ड डिस्क

आमच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि किस्से जास्त, असं माझा नवरा म्हणतो. त्यात तथ्य आहे. गिऱ्हाईक काम झालं की निघून जातं. किस्सा मात्र कोपऱ्यातल्या जुन्या कॅबिनेटसारखा पडून राहतो, आणि त्याला भंगारवालासुद्धा नेत नाही!

दुकान लोणावळ्यात, जुन्या हायवेला लागून. खोली एकच. मागच्या अर्ध्या भागात माझे सासरे, आबा, शेतातल्या पाण्याच्या जळक्या मोटारींचं रिवायंडिंग करतात, म्हणजे आत तांब्याची नवी तार गुंडाळतात. पुढच्या अर्ध्यात मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. मी तळेगावची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. लग्नानंतर पुढची जागा मी आबांकडून हट्टानं मागून घेतली. आबांनी दिली, पण माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "डबडं उघडायचं, फुंकर मारायची आन् झाकायचं. ह्याला काय काम म्हनायचं व्हय?"

*

एकदा एका रिसॉर्टचे मॅनेजर कॉम्प्युटर घेऊन आले. मी समोर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेली. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, इंजिनिअर कुठे आहेत?"

"मीच आहे. बोला."

ते गोड हसले, मला वळसा घालून थेट मागं गेले आणि आबांसमोर कॉम्प्युटर ठेवला. "काका, चालूच होत नाहीये हो."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला, डब्याला दोन बाजूंनी टिचक्या मारल्या आणि गंभीरपणे विचारलं, "किती एचपीचा हाय?"

मॅनेजर तसेच उलट पावली माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्हीच बघा!"

*

परंदवडीच्या एका काकांचा कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. मी एसएमपीएस उघडला. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मापानं वाढायची, हे त्याचं काम. त्या डब्यात एक पाल निघाली. कडकडीत वाळलेली.

काकांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून बिल काढून माझ्यापुढं धरलं.

"ताई, पाल वॉरंटीत बसती का?"

*

आता विकास. विकास इंदुरीचा, लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करणारा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, जिथं मांडव तिथं विकास. लोक वर्षानुवर्षांनी फोन करतात, "आमच्या लग्नात आजोबा नाचलेले, तेवढं काढून दे." म्हणून त्याला सगळ्या हार्ड डिस्क एकाच कॉम्प्युटरमध्ये हव्या होत्या. एक बटण दाबलं की मावळातलं कुठलंही लग्न हजर!

तो टोमॅटोचा क्रेट घेऊन आला. आत बारा हार्ड डिस्क, आणि प्रत्येक डिस्क वेगळ्या टॉवेलात गुंडाळलेली. आहेरात मिळालेले टॉवेल. पिवळे, गुलाबी, काठाचे, बिनकाठाचे.

विकास चहा सांगायला गेला. मी आपली स्वच्छतेची भोक्ती. बाराही टॉवेल सोडले, घड्या घालून एका बाजूला ठेवले, डिस्क ओळीनं दुसऱ्या बाजूला मांडल्या. विकास परत आला आणि दारातच थांबला. हातातला चहा हिंदकळला.

"वहिनी... टॉवेल काढले?"

"मग? टॉवेलासकट बसवू की काय?"

"अहो, कुठल्या टॉवेलात कुठलं वर्ष, ह्यावरच तर माझा सगळा हिशेब होता!"

*

त्याच्या कॉम्प्युटरला एसएमपीएस केवढा लागेल, याचं गणित मी कागदावर मांडलं. एक डिस्क चालताना साधारण आठ वॅट खाते. बारा डिस्कचे झाले शंभराच्या आत. बाकी मशीनचे आणखी शंभर. म्हणजे दोनशे. मी साडेचारशे वॅटचा डबा लावला. दुपटीपेक्षा जास्त! चार डिस्क जोडून चालवून पाहिलं, मस्त चाललं, म्हणून उरलेल्या आठ बसवल्या आणि मशीन इंदुरीला धाडलं. बाराही एकदम जोडून एकदा तरी चालवावं, हे काही मला सुचलं नाही. शहाणपणा नडतो तो असा.

दुसऱ्या दिवशी विकास मशीन काखोटीला मारून हजर.

"काय झालं?"

"वहिनी, काय सांगू! बटण दाबलं की घुर्र करतंय आन् बसतंय, घुर्र करतंय आन् बसतंय. नवरदेव घोड्यावर चढायला जातोय आन् घोडाच खाली बसतोय!"

मागून आबा खो खो हसले. मला मात्र हसू आलं नाही. विकासला मांडवामांडवात शंभर माणसं भेटतात, आणि त्याच्या तोंडाला कुलूप नसतं.

*

मी नवा डबा आणला. वर ठसठशीत अक्षरात साडेसहाशे. आबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि कलिंगड तोलावं तसा तळहातावर तोलला.

"हलकं हाय. ह्याच्यात तांबं न्हाई."

"आबा, हे वजनावर नसतं! साडेसहाशे वॅट लिहिलंय वर."

"लिवायला काय जातंय? लग्नपत्रिकेत समदीच चिरंजीव असत्यात."

मी ऐकलं नाही. या वेळी बाराही डिस्क जोडल्या. वायर कमी पडल्या, म्हणून बारीक जोडवायर घेऊन एकाच वायरला सहा-सहा डिस्क लटकवल्या. विकास समोर उभा. पहिल्यांदा बटण दाबलं, मशीन बसलं. दुसऱ्यांदा दाबलं, घुर्र करून उठलं! मी विजयी मुद्रेनं मागं पाहिलं.

आबा बसल्या जागेवरनं ओरडले, "बंद कर! जळतंय!"

"काही नाही जळत, आबा. चाललंय की."

"पोरी, चाळीस वर्सं जळक्या मोटारींचा वास घेतोय. बंद कर म्हनतो ना!"

मी बंद केलं. जोडवायरला हात लावला आणि चटका बसला. प्लास्टिक पार मऊ झालं होतं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर विकासच्या बारा डिस्कमधली अख्ख्या मावळातली लग्नं धुरात गेली असती. विकास बिचारा बाराही डिस्कना एकेक करून हात लावून बघत राहिला.

तो गेल्यावर आबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "शेजारचं चिक्कीवालं शेठ पुढची जागा मागत्यात. लय दिस झालं मागं लागल्यात. आयतवारी बघाया येनार हायती. तवर हे मशीन उभं केलंस, तर जागा तुजी. न्हाईतर..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मी मात्र आख्खं ऐकलं. त्या अर्ध्या खोलीत माझा जीव होता. घरात मी कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई. इथं मी मी होते. त्या दिवशी टेबलाखाली वाकून, स्क्रू शोधायच्या निमित्तानं, मी पोटभर रडून घेतलं.

*

शुक्रवारी डोकं चालेना, म्हणून मी एक मेलेली हार्ड डिस्क पुढ्यात घेऊन नुसती बसले होते. आबा आले. "ह्या डबड्यात आसतंय तरी काय?"

मी झाकण काढून दाखवलं. आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या. आबांनी आधी त्यात मिशी पाहिली. मग डिस्क उचलून मागं नेली, आणि छिन्नी-हातोडीचा आवाज सुरू झाला. मी कानांवर हात ठेवले.

अचानक आवाज थांबला.

"सूनबाई! हिकडं ये!"

मी धावले. आबांच्या तळहातावर डिस्कच्या पोटातला एवढासा गोल तुकडा होता. त्यावर तांब्याच्या तारेच्या चिमुकल्या नऊ गुंडाळ्या. आबा तो उजेडाकडं धरून, एखादं तान्हं बाळ पाहावं तसे पाहत होते.

"अगं, ही तर मोटार हाय! आन् सादी न्हाई, थ्री फेज! डबडं म्हनून हिनवत व्हतो मी, आन् आत आमच्याच जातीचं निगालं की!"

मग त्यांनी जे विचारलं, त्यानं माझ्या कागदावरचं गणित पार उताणं पडलं.

"चालताना किती खाती ते तू धरलंस. उटताना किती खाती?"

ते मी धरलंच नव्हतं.

"आमच्या गावाकडं, टाकव्यात, एका डीपीवर, शेताला लाईट देनाऱ्या पेटीवर, अकरा मोटारी. समद्यांनी मोटार आपोआप चालू करनारं ऑटो बसवलेलं. लाईट आली की अकराच्या अकरा एकदम उटायच्या आन् डीपीचा फ्यूज फाट! मोटार चालताना गरीब आसती गं, पर उटताना राक्षस. मग मीच नियम घातला. ऑटो काडा. पयल्यानं बटन दाबायचं. त्याच्या पायपाच्या तोंडाला पानी आलं, की मग दुसऱ्यानं. त्याचं आलं, की तिसऱ्यानं. त्या दिसापासनं फ्यूज गेला न्हाई!"

मी डिस्कच्या कंपनीचा माहितीचा कागद काढून पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात होतं. सुरू होताना बारा व्होल्टच्या लाईनवर एका डिस्कला दोन अँपिअर. बारांचे चोवीस! माझा पहिला डबा त्या लाईनवर देत होता अठरा, आणि साडेसहाशेवाला बावीस. तो दुसऱ्या खेपेला उठला, कारण डिस्क आधीच्या धक्क्यानं अजून फिरत होत्या. वर आकडा कितीही ठसठशीत असो, डिस्क उठवायच्या त्या लाईनवर दोघांचंही पोट रिकामंच.

"आबा, मग डबा मोठा घेऊ, की डिस्क एकेक करून सुरू करू?"

"दोनी कर. डीपी बी मोटा घे आन् मोटारी बी एकेक सोड. आन् वायर जाड वापर, कंजूस!"

*

रविवार. मी पुण्याहून नवा एसएमपीएस आणला होता. या वेळी वरचा मोठा आकडा पाहिलाच नाही, फक्त बारा व्होल्टची लाईन पाहिली. साठ अँपिअर! आबांनी डबा तळहातावर तोलला आणि मान डोलावली. "हां. हे खातंपितं हाय." एका वायरला तीनच डिस्क जोडल्या. डिस्क ज्या कार्डाला लागतात, त्यात सेटिंग केलं की एक उठली, थोडा वेळ गेला, की मगच दुसरी उठायची.

विकास खांद्यावर पिवळा टॉवेल टाकून उभा होता. तेवढ्यात शेठ आले. हातात मोजपट्टी. नमस्कार करून त्यांनी थेट दाराची रुंदी मापायला घेतली. "इथे काउंटर, इकडे शोकेस..."

मी बटण दाबलं.

टुक. घुर्र...

"पानी आलं का?" मागून आबा.

मी पहिल्या डिस्कचा दिवा पाहिला. "आलं!"

"सोड दुसरी!"

ती आपोआपच सुटणार होती, पण सांगणार कोण! टुक. घुर्र...

"पानी आलं का?"

"आलं!"

चौथीला आबा पुढं येऊन उभे राहिले. सहावीला विकासही माझ्याबरोबर ओरडायला लागला. आठवीला शेजारच्या वडापावच्या गाडीवरची माणसं दारात जमली. शेठची मोजपट्टी अर्धवट उघडी, हातात तशीच लोंबत होती. दहा. अकरा.

टुक. घुर्र...

"पानी आलं का?"

"आलं, आबा! बारावीलाही आलं!"

मशीन बसलं नाही. वायरला हात लावला, गार. स्क्रीनवर बाराच्या बारा डिस्क ओळीनं उभ्या राहिल्या. विकासनं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि वाकून नमस्कार केला. दारातल्या माणसांनी, काय झालंय हे नीट न कळताच, टाळ्या वाजवल्या. मी या खेपेला टेबलाखाली गेले नाही. सगळ्यांसमोर रडले!

शेठनी मोजपट्टी सर्रकन गुंडाळली आणि घसा खाकरला. "छान, छान. मग आबा, ही जागा कधी मोकळी करून देताय?"

आबांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्याला हात पुसले, सावकाश.

"कशी देनार, शेठ? हितं आता बारा मोटारी चालू हायती."