फोन मिलिंदच्या घरी वाजायचा

मिलिंद गेल्याचं मला फार उशिरा कळलं, कारण माझा मोबाईल बंद होता. गिऱ्हाइकांच्या तक्रारी नकोत म्हणून सुट्टीच्या दिवशी मी तो बंदच ठेवायचो. शेजाऱ्यांकडे निरोप आला. हेंद्रेपाड्यात त्याच्या घरी पोहोचलो तोवर त्याला नेलं होतं... शेवटचं तोंडही पाहता आलं नाही.

आम्ही दोघं अंबरनाथ पश्चिमेला एका भाड्याच्या खोलीत बसून एमआयडीसीतल्या आणि आसपासच्या छोट्या कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर लिहायचो. प्रोग्राममध्ये क्लास असतो, म्हणजे एकेका कामाचा साचा. पाळीची वेळ, सुट्टीचा वार असं जे जे बदलू शकतं, ते मिलिंद क्लासच्या बाहेर सेटिंगमध्ये ठेवायचा; गिऱ्हाईक आपलं आपण बदलून घेई. मी उतावळा. सगळं क्लासच्या पोटातच कोंबायचो. "अरे भाई, उद्या शेठने पाळी बदलली तर? दर वेळी क्लास उघडत बसणार का?" तो विचारायचा. "तुझं म्हणजे बाजारात तुरी!" मी हसण्यावारी न्यायचो. पाळ्या मात्र बदलायच्याच. मग रिक्षा करून तोच जायचा, माझं निस्तरून यायचा आणि एका शब्दाने बोलायचा नाही. बोलला असता तर आज थोडं हलकं वाटलं असतं.

मिलिंदच्या जलदानविधीच्या दिवशी बुद्धवंदना चालू असतानाच घरातला फोन वाजला. वहिनी उठल्या. "ते नाहीत हो आता," त्यांनी कुणाला तरी सांगितलं. फोन कुठल्यातरी कारखान्यातून होता, हे मी लगेच ओळखलं. प्रोग्राम अडला की पडद्यावर मदतीचा नंबर येतो. तो नंबर दाखवणारा क्लास मी लिहिलेला होता आणि त्यात मिलिंदच्या घरचा नंबर मीच पक्का बसवला होता, कटकट माझ्या मागे नको म्हणून. सेटिंगमध्ये ठेवला असता तर गिऱ्हाइकांना नुसतं कळवून काम झालं असतं. आता प्रत्येक ठिकाणी जाणं आलं, आणि तोवर ते वाक्य वहिनींना पुन्हा पुन्हा बोलावं लागणार होतं.

एकेक कारखाना गाठून नंबर बदलत गेलो. शेवटी उल्हासनगरचा जीन्सवाला सिंधी शेठ उरला. "साई, अब किसको फोन करें? मिलिंदभाई तो कभी चिढ़ते ही नहीं थे," तो म्हणाला. "मुझे करो," म्हटलं, आणि क्लासमधला नंबर काढून माझा नंबर सेटिंगमध्ये टाकला.

आठवड्याने वहिनींना सांगायला गेलो, की आता त्रास होणार नाही. त्या फोनजवळच बसल्या होत्या.

"तरीच... मला वाटलं, फोन बिघडला," त्या म्हणाल्या. "लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचे हो, भाऊजी. तेवढंच कानावर पडायचं."

त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि हळूच परत ठेवला.