हिराचा ठराव

सरावलीजवळच्या त्या गावात पंचायतीचा कायदा वामनएवढा कुणालाच येत नव्हता. दोनदा उपसरपंच झालेला माणूस. गावाच्या वरच्या अंगाला कारखान्याच्या साहेबांची कॉलनी झाली, बंगल्यांपुढे हिरवळी आल्या आणि हिरवळीवर टाकलेला युरिया दर पावसाळ्यात नाल्यातून गावच्या तळ्यात उतरू लागला. पाण्यावर शेवाळ दाटलं, मासे मरून तरंगू लागले. वामनने नऊ वर्षं अर्ज केले. कॉलनीचा मॅनेजर दर वेळी चहा पाजून त्याला परत पाठवी.

मग सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि ते वामनच्या धाकट्या भावाच्या बायकोला, हिराला मिळालं. चौथीपर्यंत शिकलेली हिरा. तिने पहिल्याच वर्षी ठराव केला, की तळ्याच्या वरच्या अंगाला, कॉलनीच्या कुंपणाच्या आतसुद्धा, हिरवळीला रासायनिक खत घालायचं नाही. ठराव एकमताने झाला. तालुक्याहून अधिकारी आले, तिचं कौतुक करून गेले. मागच्या बाकावर बसलेल्या वामनचं नावही कुणी काढलं नाही.

त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला. बायको, साखरबाई, म्हणाली की तळं वाचतंय, मग तुमचं काय दुखतंय? दोन दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून तो मॅनेजरकडे गेला आणि कुणी न विचारताच सांगून आला, की ठराव कच्चा आहे. हरकती मागवायची नोटीसच लावली नव्हती.

मॅनेजरने वर तक्रार केली. ठरावाला स्थगिती मिळाली. पावसाच्या तोंडावर युरियाच्या गोण्या पुन्हा फुटल्या आणि श्रावणात तळ्याला असा वास सुटला की काठच्या विहिरीचं पाणी कुणी तोंडाला लावेना. साखरबाईलाही हंडा घेऊन लांबच्या हातपंपावर जावं लागे.

एका सकाळी हिरा त्याच्या ओटीवर येऊन बसली. पदरात ठरावाची नक्कल होती.

"भावजी, तुमी मॅनेजरकडे गेलेलात, माला ठाव हाय," ती म्हणाली. "मी भांडायला नाय आले. यात काय चुकलंय ते तुमालाच कळतं. नीट लिहून द्या."

वामनला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने तिच्या हातून नक्कल घेतली.

"नोटीस चावडीवर लावायची, कॉलनीच्या फाटकावर पण," तो म्हणाला. "महिनाभर थांबायचं. मंग ठराव."

सगळा मसुदा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. मॅनेजरने या खेपेलाही तक्रार केली, पण ठराव टिकला. कॉलनीत शेणखताच्या गाड्या जाऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी शेवाळ निम्म्यावर आलं.

मसुदा भावजींनी लिहिला, असं हिराने ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि तळं हिराने वाचवलं, असंच म्हणत राहिले. ते ऐकलं की वामनच्या छातीत जळे. पुढच्या निवडणुकीत त्याने मत तिलाच दिलं, पण गुलाल घ्यायला तो गेला नाही.