भैरोबाची खोळ

नळदुर्गच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत वसलेल्या त्या गावात विरुपाक्ष गुरुजींना कोण ओळखत नाही? पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीच्या खोलीत वाचनालय काढलं. माणूस लई भला, पण पुस्तक हाती आलं की चुलीवरचं दूध उतू जावो, नाहीतर जग बुडो! रोजची बैठक भैरोबाच्या पारावर, देवाची पूजा करणाऱ्या शिवप्पा गुरवाशेजारी. चाळीस वर्षांची दोस्ती. शिवप्पाला वाचता बेताचंच येई, म्हणून गुरुजी वाचायचे अन् तो ऐकायचा.

त्या उन्हाळ्यात गुरुजींच्या लेकीनं, दीपमालानं, पुण्याहून एक जाडजूड कादंबरी पाठवली. लाखभर प्रती खपलेली. मूर्तीच्या शेंदराखाली सातशे वर्षं दडवलेला लेख, तो राखणारा पुजाऱ्यांचा गुप्त पंथ, दर चार पानांना एक मुडदा. आता खोटं कशाला बोला, पुस्तक होतं झकासच! गुरुजी पारावर वाचायला लागले तशी माणसं टीव्ही बंद करून यायला लागली. ज्या देवाला रोज हात जोडून कामाला लागायचं, त्याच्या पोटात एवढं गुपित असेल, या विचारानं जो तो ताठ बसायचा.

पुस्तक संपलं, पण गुरुजींचं डोकं काही थांबेना. आपला भैरोबाही शेंदरानंच मढलेला. शिवप्पा दर रविवारी देवळाचं दार लोटून लेप देतो, कुणाला हात लावू देत नाही. का बरं?

"शिवप्पा, शेंदराखाली काय आहे रे?"

"काय असनार? तांदळा हाय. बिनतोंडाचा दगूड. आज्जा सांगायचा."

"तू पाहिलास?"

"न्हाय बा. देव आपनहून शेंदराची खोळ टाकतो तवाच दिसतो. माझ्या हयातीत टाकली न्हाय."

सरळ उत्तर. पण पुस्तकातला राखणदारही असंच म्हणाला होता की! गुरुजींनी ते पारावर हसत हसत बोलून दाखवलं. चेष्टाच होती, पण पुरती चेष्टा नव्हती. आठ दिवसांत पराचा कावळा झाला. कुणी म्हणालं, ह्याच्या आज्ज्याकडं निजामाच्या काळचा कागद होता. कुणी म्हणालं, मग दार का लोटतो? शिवप्पाच्या बायकोला, कोंडाबाईला, नळावर बायका विचारायला लागल्या, "काय गं, घबाड कुठं पुरलंय?" गुरुजींच्या कानावर सगळं येत होतं. एका शब्दानं थांबवता आलं असतं. पण ते गप्प राहिले, कारण आत काय आहे ते त्यांनाही बघायचं होतं.

पुढच्या रविवारी शिवप्पानं दार सताड उघडलं. हातात खुरपं होतं.

"या समदे. बघा."

गुरवानं देवाची खोळ खरवडायची? असं आक्रीत गावानं कधी पाहिलं नव्हतं. गुरुजी घाईनं पुढं झाले. "शिवप्पा, नको रे!"

"आता नको म्हनता व्हय?"

शेंदराच्या जाड खपल्या निघायला लागल्या. थरावर थर, अन् दर थरावर लेप देणाऱ्या बोटांच्या रेघा. एक खपली त्यानं उजेडात धरली. तीन रेघा लांब होत्या, चौथी अर्ध्यातच तुटलेली. "ह्यो माझा बाप. कडबा तोडताना बोट गेलं व्हतं त्याचं." तळाशी काळा दगड निघाला. ना तोंड, ना अक्षर.

"हे व्हतं लपलेलं, गुरुजी," म्हणत म्हातारा ढसाढसा रडला.

संध्याकाळी गुरुजी पारावर उभे राहिले. "मी डोळ्यांनी पाहिलं. आत नुसता दगड आहे. चूक माझी, मी या माणसावर संशय घेतला."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "इतक्या राजीखुशीनं उघडतंय व्हय कुनी? आदीच हलवलं असंल."

"अन् आता गुरुजी बी सामील झाले की!"

कुणी हसलं नाही. सगळे गुरुजींच्या तोंडाकडं निरखून बघत होते.

शिवप्पा देवळाच्या पायरीवर बसून त्या खपल्या फडक्यात बांधत होता, नदीत सोडायला. बापाची खपली त्यानं सगळ्यात वर ठेवली. गुरुजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच शिवप्पानं सरकून जागा केली नाही.