स्पेनच्या उन्हात अकोल्याचा माणूस

डब्लिनमध्ये तापमान वीसच्या वर गेलं की लोक शर्ट काढतात. अशा दिवशी ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या गल्लीतला शेजारी घरापुढच्या हिरवळीवर खुर्ची टाकून उघडाबंब बसतो आणि मला विचारतो, "तुलाही गरम होतंय का रे?" मी कीव आल्यासारखा हसतो आणि त्याला अकोल्याचा मे महिना ऐकवतो. सत्तेचाळीस अंश, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, नळाच्या पाण्यात हात घातला तर भाजतो. हे मी त्याला इतक्या वेळा सांगितलंय की हल्ली मी तोंड उघडलं की तोच पुढचं पुरं करतो.

हॉस्पिटलातही माझा हाच तोरा. मी इमर्जन्सीत काम करतो. उन्हाळ्यात स्पेनहून परतलेली मंडळी सोलवटलेल्या पाठी घेऊन आमच्याकडे येतात आणि मी त्यांना टोपी, पाणी, सावली यांवर छोटंसं प्रवचन देतो. हा उपदेश त्यांच्यासाठी असतो, उन्हाच्या घरच्या माणसाला तो लागू नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आयर्लंडला आल्यापासून मी एकदाही मे महिन्यात अकोल्याला गेलेलो नाही, ही बारीकशी गोष्ट मी कोणाला सांगत नसे. आम्ही जातो ते ख्रिसमसच्या सुट्टीत, आणि पहाटे शाल मागतो.

त्या उन्हाळ्यात बाबा अकोल्याहून आमच्याकडे आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. घर एकमजली आहे आणि त्यावर आमच्यासाठी मजला चढवायचा हे त्यांचं जुनं ठरलेलं. दरवर्षी फोनवर ते विचारायचे, "वरचं बांधू काय?" मी म्हणायचो, "बांधा ना बाबा, आम्ही येणारच आहोत." मग ते "कधी?" असं विचारायचे आणि माझ्याकडे नेमकी कुठली तरी परीक्षा, नाहीतर मुलीची शाळा निघायची. या वेळी ते उत्तर घ्यायला जातीनं आले होते. पहिल्याच सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हे पाय, तू हाव म्हनशीन त मी गेल्याबरोबर काम लावतो. नाई म्हनशीन त नाई. ठेकेदार थांबून हाये. पन आता एक काय थे सांग."

मी म्हणालो, "आपण स्पेनला चाललोयच ना बाबा, तिथे निवांत बोलू." पेशंटला वाईट बातमी देताना असं टाळू नये हे मी ज्युनिअर डॉक्टरांना शिकवतो. पण घरी मी डॉक्टर नसतो.

स्पेनच्या तयारीत बाबांनी दोन वस्तू काढल्या. एक पांढरा दुपट्टा आणि एक कांदा. विदर्भात उन्हाळ्यात बाहेर पडताना डोक्याकानाला दुपट्टा गुंडाळतात आणि खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. विमानतळावर तपासणीच्या यंत्रात तो कांदा अडकला. "हा कशासाठी?" असं तिथल्या बाईंनी विचारल्यावर मी बाबांकडे अनोळखी माणसासारखं पाहिलं. माझी लेक मात्र खूश झाली. "इट्स फॉर द सन," तिनं आपल्या डब्लिनी हेलात समजावलं, आणि बाईंनी कांदा सन्मानानं परत केला.

मालागाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तशी झळ तोंडावर आली. बाबांचा चेहरा उजळला. माझाही उजळला, निदान मी तसा तो ठेवला.

मी चार दिवसांचा बेत आखला होता. आम्ही मराठी माणसं समुद्रावर लोळायला जात नाही, आम्ही समुद्र पाहून घेतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, पाण्यात उभं राहून फोटो काढायचा, पायांची वाळू झटकायची की पुढचा पॉइंट. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना दोन किनारे, एक प्रचंड गुहा आणि डोंगरावरचं एक पांढरंशुभ्र गाव दाखवून आणलं. किनाऱ्यांवर आयरिश लोक शेवाळासारखे पसरले होते आणि दिवसभर तिथून हलत नव्हते. "डॅड, बीचवर दिवसभर थांबायचं असतं," लेक इंग्रजीत वैतागून म्हणाली, "बीच म्हणजे बसस्टॉप नाही." माझी बायको पुण्याची आहे आणि तीही डॉक्टर आहे. तिनं पुस्तक उघडलं आणि मिटून परत पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मालागाचा किल्ला होता. शहराच्या माथ्यावर, खालपासून चढ. बायको म्हणाली, "संध्याकाळी जाऊ या." मी म्हणालो, "अगं, अकोल्याचा माणूस आहे मी." औषधाच्या दुकानावर तापमान लुकलुकत होतं, छत्तीस. "छत्तीसला आमच्याकडे लोक स्वेटर शोधतात," मी जाहीर केलं. टोपी नको म्हणालो, कारण टोपी आयरिश लोक घालतात. पाण्याची बाटली लेकीकडे दिली.

बाबांनी पायथ्याशीच दुपट्टा बांधला. "भर दुपारी कोनी फिरते काय बापा? आपल्याकडं बारा वाजले का दारं लागतात."

"बाबा, हे युरोपचं ऊन आहे. सौम्य असतं."

ते भिंतीच्या सावलीनं हळूहळू चढायला लागले. मी रस्त्याच्या मधून चाललो, उन्हातून, छाती काढून. टोप्या घातलेल्या लालबुंद आयरिश लोकांचा एक घोळका खाली येत होता. त्यातला एक गृहस्थ माझ्या उघड्या डोक्याकडे बघून "फेअर प्ले टु यू" म्हणाला. मी राजासारखी मान लववली.

शाबासकी मिळाल्यावर थोड्याच वेळात डोकं ठणकायला लागलं. मग मळमळ. मग घाम थांबला. ही लक्षणं मी शिकवतो, याच क्रमानं. पण ती स्वतःला झाल्यावर मी निदान केलं की सकाळची कॉफी बाधली. तिकिटाच्या खिडकीपुढे रांगेत उभा असताना किल्ल्याची भिंत माझ्याकडे झुकली, आणि मग मी खाली होतो, आणि बाबा दुपट्टा ओला करून माझ्या डोक्याला गुंडाळत होते. तोंडावर बाटली रिकामी करत लेक म्हणत होती, "यू आर ग्रँड, डॅड, यू आर ग्रँड," म्हणजे काही झालेलं नाही तुला, आणि तिचा आवाज अजिबात ग्रँड नव्हता.

त्यांनी मला जवळच्या दवाखान्यात नेलं. पुढचं मला तुटक आठवतं. सलाइन लागली होती. माझ्या आयरिश पासपोर्टवरून माहिती टिपून घेणारी तरुण डॉक्टरीण बायकोला इंग्रजीत सांगत होती, "आयरिश लोक दरवर्षी असंच करतात. टोपी नाही, पाणी नाही, आणि भर दुपारी चढ." बायकोनं माझी बाजू घेतली नाही. उलट ती म्हणाली, "यांना समजावून काही उपयोग होत नाही." कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा ओला दुपट्टा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना इंग्रजी चांगलं कळतं.

तिसऱ्या दिवशी मला नव्या नवरीसारखं सावलीतून सावलीत फिरवलं गेलं. डोक्यावर लेकीची गुलाबी टोपी. ती आणि बायको दिवसभर एकाच किनाऱ्यावर राहिल्या आणि इतक्या आनंदात होत्या की मला माझ्या पॉइंटांची आठवणसुद्धा काढता आली नाही. ऊन उतरल्यावर बाबा आणि मी समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलो. मी मनात वाक्यं जुळवत होतो. म्हणणार होतो, बाबा, अजून दोन वर्षं द्या.

तेच आधी बोलले. "सकाळी ठेकेदाराले फोन केला. वरचं नाई बांधत म्हनलं."

"अहो बाबा, एकदा ऊन लागलं म्हणून काय लगेच... सवय मोडलीय, इतकंच. पुन्हा होईल की."

"उन्हाचं नाई रे." ते समुद्राकडेच पाहत होते. "काल सलाइन लागली होती तवा तू काय बोलत होता, आठवते काय?"

"नाही."

"मले आंगनात निजवा म्हने. म्या इचारलं, कडूलिंबाखाली निजवू काय? त म्हने, नाई, गवतावर. पाऊस येऊन रायला काय पाहा, ट्रॅम्पोलिन ओलं होईन म्हने." ते थांबले. "आपल्या आंगनात कुठी गवत हाये बापा? आन ट्रॅम्पोलिन?"

ट्रॅम्पोलिन ब्लँचर्डस्टाउनच्या मागच्या अंगणात आहे. लेक मोठी झाली, आता त्यावर कोणी उड्या मारत नाही, तरी पाऊस आला की मी अजून ते झाकायला धावतो.

मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी हायसं वाटलं. इतक्या वर्षांत जे मला बोलता आलं नव्हतं ते माझ्याकडून कोणीतरी बोलून घेतलं होतं, आणि आता ते पुन्हा बोलायची गरज नव्हती. खांदे आपोआप सैल पडले. बाबा शेजारीच बसले होते, त्यांनी ते पाहिलं असणार. मी म्हणालो, "तुम्हीच डब्लिनला या ना बाबा, कायमचे." ते हसले आणि म्हणाले, "तिथं मले कायचं ऊन भेटन?"

पाण्यात लेक तिच्या आईच्या अंगावर पाणी उडवत होती आणि बायको किंचाळत होती. बाबांनी माझ्या डोक्यावरची गुलाबी टोपी नीट केली, कपाळावर जरा पुढे ओढली.

"पन येत जाजो," ते म्हणाले. "दिवाळीले ये, नाईत ख्रिसमसले. मे महिन्यात नोको येऊ. उन्हायात आपन पाव्हन्याले बोलावत नाई."

मी "बरं" म्हणालो.